खोक्यावर न आलेला हत्ती

१९५१-५२ च्या हिवाळ्यात आपल्याकडे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावलं. नाव वाचता आलं नाही तरी बिघडत नाही. चित्र ओळखा आणि त्या पेटीत मत टाका, असा साधा हिशेब होता.

त्याच १९५२ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक नावाच्या गावातल्या एका कंपनीनं चित्रांचीच आणखी एक निवडणूक मांडली होती. तिथल्या मतदारांनाही वाचता येत नव्हतं, कारण ते चार-पाच वर्षांचे होते! उमेदवार चार होते. टोनी नावाचा वाघ, केटी नावाची कांगारू, एल्मो नावाचा हत्ती आणि न्यूट नावाचा ग्नू. ग्नू म्हणजे आफ्रिकेतल्या गवताळ मैदानांवर कळपानं फिरणारं, बैलासारख्या तोंडाचं हरीण. केलॉग कंपनी साखरेचा मुलामा दिलेले कॉर्नफ्लेक्स बाजारात आणत होती आणि त्या खोक्यावर या चौघांपैकी कोण बसणार, हे ठरायचं होतं.

निकाल सगळ्या जगाला ठाऊक आहे. वाघ निवडून आला. गळ्यात लाल रुमाल बांधलेला हा टोनी गेली सत्तर वर्षं खोक्यावर ठाण मांडून आहे. कांगारू सुरुवातीला त्याच्या जोडीनं खोक्यांवर झळकली, पण वर्षभरात तिची रवानगी झाली. हत्ती आणि ग्नू यांच्या नशिबी खोकं आलंच नाही.

आज मला बोलायचं आहे ते या पडलेल्या उमेदवारांविषयी. जाहिरातींच्या इतिहासात मला फार वर्षांपासून रस आहे आणि माझा अनुभव असा की, जिंकलेल्या चित्राकडून आपल्याला फारसं काही कळत नाही. त्याच्यामागे कंपनीनं रचलेली गोष्ट असते. पडलेल्यांच्या यादीकडे पाहिलं, की विकणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं ते दिसायला लागतं.

खोक्यावरच्या अशा पात्राला इंग्रजीत मॅस्कॉट म्हणतात. आपल्यालाही ही मंडळी नवी नाहीत. एअर इंडियाचा लवून नमस्कार करणारा महाराजा १९४६ चा. हातात ब्रश घेतलेला, कपाळावर केसांची बट आलेला एशियन पेंट्सचा खट्याळ गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला. पण महाराजा काय किंवा गट्टू काय, त्यांचं बोलणं मोठ्या माणसांशी होतं. तिकीट काढणारा आणि घराला रंग लावणारा माणूस कर्ताच असणार. अमेरिकेत न्याहारीच्या खोक्यांवर जे घडलं ते निराळं होतं. तिथं पैसे देणारी आई होती आणि चित्र बोलत होतं तिच्या पदराआडच्या मुलाशी. हे एका दिवसात घडलं नाही. त्यासाठी आपल्याला जरा मागे जायला हवं.

बॅटल क्रीक इथं डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं मोठं आरोग्यधाम होतं. मांस नको, कॉफी नको, मसाले नकोत, भरपूर चावून खा, मोकळ्या हवेत हिंडा, असा तिथला शिरस्ता होता. त्यांचा धाकटा भाऊ विल कीथ हा तिथला कारभार पाहायचा. १८९४ साली शिजवलेला गहू जास्त वेळ राहून गेला. टाकून कशाला द्यायचा, म्हणून त्यांनी तो रुळांमधून काढला, तर दाण्यादाण्याची वेगळी चपटी पापडी पडली. ती भाजली आणि रुग्णांना दिली. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी पेटंटसाठी अर्ज केला. पोहे खाऊन मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना यात फार नवल वाटणार नाही. आपल्याकडे साळ भिजवून, भाजून, चपटी करून पोहे शतकानुशतकं होत आले आहेत. पण अमेरिकेला ही गोष्ट नवी होती.

पुढे या दोन भावांचं बिनसलं, आणि त्यामागे जी कारणं होती त्यांत साखर हे एक महत्त्वाचं कारण होतं. डॉक्टरांच्या मते हे पथ्याचं अन्न होतं, त्यात साखर घालणं म्हणजे मूळ हेतूवर पाणी सोडणं. धाकट्याचं म्हणणं, चव नसेल तर निरोगी माणूस ते विकत कशाला घेईल? १९०६ साली विल कीथनं स्वतःची कंपनी काढली, मक्याच्या फ्लेक्सना चव आणली आणि खोक्यावर आपली सही छापली. दोघं भाऊ एक्क्याण्णव वर्षं जगले. थोरला १९४३ साली गेला, धाकटा १९५१ साली. धाकट्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी साखरेच्या मुलाम्याचे फ्लेक्स आणि टोनी वाघ बाजारात आले. या साऱ्या इतिहासात सगळ्यात आधी पडलेला उमेदवार कोण असेल, तर तो म्हणजे डॉक्टरांचा बिनसाखरेचा फ्लेक. त्याला ना चित्र होतं, ना आवाज.

याच आरोग्यधामात १८९१ साली सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा एक रुग्ण आला होता. तिथलं खाणं-पिणं पाहून त्यानं गावातच स्वतःचा कारखाना उभारला. १९०४ च्या सुमाराला त्यानं मक्याचे फ्लेक्स काढले आणि नाव दिलं ‘एलिजाज मॅना’, म्हणजे एलिजाला मिळालेलं दैवी अन्न. खोक्यावर बायबलमधला प्रेषित एलिजा आणि त्याला अन्न आणून देणारा पक्षी असं चित्र होतं. धर्मोपदेशक खवळले. देवाच्या प्रेषिताला न्याहारीच्या खोक्यावर बसवता? ब्रिटननं तर हे नाव नोंदवून घ्यायलाच नकार दिला. पोस्टनं प्रेषिताला खाली उतरवलं आणि १९०८ साली तेच फ्लेक्स ‘पोस्ट टोस्टीज’ नावानं विकायला काढले. आतला माल तोच होता. बदललं ते फक्त खोकं. या धंद्याला हा धडा फार लवकर मिळाला.

दुसरा धडा मिळाला तो ‘फोर्स’ नावाच्या गव्हाच्या फ्लेक्सकडून. १९०२ साली त्यांच्या जाहिरातींत ‘सनी जिम’ नावाचं पात्र आलं. सदा तोंड पाडून बसलेला जिम डम्प्स हे फ्लेक्स खातो आणि एकदम हसतमुख सनी जिम होतो, अशी ती गंमत होती. यमक जुळवलेल्या ओळी ट्रामगाड्यांतून, वर्तमानपत्रांतून झळकल्या आणि सनी जिम घराघरांत पोचला. हसऱ्या माणसाला लोक त्याच्या नावानं हाक मारू लागले. पण अमेरिकेत फोर्सची विक्री त्या प्रमाणात वाढली नाही. लोकांच्या लक्षात जिम राहिला, फ्लेक्स राहिले नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र हाच जिम २०१३ पर्यंत टिकला. नुसतं लोकप्रिय पात्र पुरेसं नाही, त्याची गाठ आतल्या मालाशी बसली पाहिजे, हे जाहिरातवाले यातून शिकले.

आणि ती गाठ बसवायला मदत केली रेडिओनं. रेडिओवरून बोलणाऱ्या माणसानं हे सांगताना थोडी कॉलर ताठ केली तर तुम्ही माफ कराल. १९२६ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिनियापोलिस शहरात चार गायकांनी ‘व्हीटीज’ या गव्हाच्या फ्लेक्सचं छोटं गाणं रेडिओवर म्हटलं. गाऊन केलेली ही अगदी सुरुवातीची रेडिओ जाहिरात. पुढे १९२९ साली, विक्री होत नाही म्हणून व्हीटीज बंद करायची वेळ जनरल मिल्स कंपनीवर आली. तेव्हा जाहिरात विभागाच्या प्रमुखानं आकडे तपासले. विकल्या गेलेल्या ५३ हजार पेट्यांपैकी ३० हजार एकट्या मिनियापोलिस आणि शेजारच्या सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या भागात खपल्या होत्या. गाणंही तिथंच वाजत होतं. मग माल बंद करण्याऐवजी गाणं देशभर वाजवलं गेलं आणि व्हीटीज वाचले.

केलॉगच्या ‘राईस क्रिस्पीज’चंही असंच. फुगवलेल्या तांदळाचे हे दाणे, म्हणजे जवळजवळ आपले चुरमुरेच, दुधात पडले की बारीक चुरचुर आवाज करतात. त्या आवाजाची रेडिओवरची जाहिरात ऐकून व्हर्नन ग्रँट नावाच्या चित्रकारानं टोपीवाल्या बुटक्यांची चित्रं काढली. १९३३ पासून त्यांतला पहिला बुटका खोक्यावर दिसू लागला आणि पुढे स्नॅप, क्रॅकल आणि पॉप असं त्रिकूट जमलं. ही तीनच नावं आपल्याला माहीत आहेत. पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एक चौथा भाऊही आला होता. त्याचं नाव पाऊ. अंतराळवीरासारखा पोशाख केलेला हा पाऊ अख्ख्या तांदळातल्या ताकदीचं प्रतीक म्हणून टेलिव्हिजनच्या दोनेक जाहिरातींत झळकला आणि नाहीसा झाला. खोक्यापर्यंत तो पोचलाच नाही.

मला हा पाऊ फार बोलका वाटतो. पहिले तिघं म्हणजे दुधात पडलेल्या दाण्याचा आवाज. मूल वाटीला कान लावून तो स्वतः ऐकू शकतं. पाऊ म्हणजे पोषण. ते ना ऐकू येतं, ना दिसतं. आई ‘ताकद येते हो, खा’ असं रोज सांगतेच. तेच खोक्यावरूनही ऐकायचं असेल तर मुलानं त्या खोक्यासाठी हट्ट का धरावा? चौघांत एकटा पोषणाबद्दल बोलणारा होता आणि नेमका तोच गळला.

आता पुन्हा १९५२ कडे येऊ. दुसरं महायुद्ध संपलं होतं, साखरेचं रेशन उठलं होतं, घरोघर मुलं होती आणि टेलिव्हिजन आला होता. साखर लावलेलं सीरियल १९३९ सालीच ‘रेंजर जो’ नावानं एका छोट्या उत्पादकानं काढलं होतं. १९४९ साली पोस्ट कंपनीनं ‘शुगर क्रिस्प’ आणलं. पाठोपाठ केलॉगचे ‘शुगर पॉप्स’, मग १९५२ मध्ये ‘शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स’, १९५३ मध्ये ‘शुगर स्मॅक्स’. या शेवटच्या खोक्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर होती. तेव्हा साखर हा लपवायचा शब्द नव्हता, मिरवायचा होता. म्हणून तर तो नावातच होता.

सगळ्यांकडे साखर आली, की मग एकाचा माल दुसऱ्याहून वेगळा कसा ओळखायचा? उत्तर होतं, चित्रावरून. शिकागोतल्या लिओ बर्नेट जाहिरात संस्थेकडे हे काम होतं. चार प्राणी तयार झाले. त्यांतल्या न्यूट या ग्नूच्या नावात तर शाब्दिक कोटीही होती. इंग्रजीत ग्नूचा उच्चार ‘नवा’ या अर्थाच्या ‘न्यू’च्या जवळ जातो. मोठ्यांना ती कोटी कळते. पण ज्याला अजून अक्षरं लावता येत नाहीत आणि ज्यानं ग्नू कधी पाहिलेला नाही, त्याला त्याचं काय? वाघ मात्र आठ महिन्यांच्या बाळालाही डरकाळी फोडून दाखवता येतो. टोनीला ती डरकाळी मिळाली. ‘ग्रेट’ या शब्दातला ‘र’ लांबवत तो फ्लेक्सची तारीफ करायचा. थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या, खर्जात गाणाऱ्या कलावंतानं त्याला आवाज दिला आणि २००५ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं, तो आवाज त्याचाच राहिला. वाघ जिंकला त्यात या गळ्याचा वाटा रंगरेषांइतकाच आहे, असं मला वाटतं.

एव्हाना ही चित्रं म्हणजे मोठी मालमत्ता झाली होती. तेलाच्या धंद्यातल्या एक्झॉन कंपनीचाही एक वाघ होता. तो पेट्रोल पंपावर राहिला तोवर ठीक. पण त्याचा वापर खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी होऊ लागल्यावर १९९६ साली केलॉगनं कोर्टात दावा लावला. दोन चित्रातल्या वाघांची हद्दीवरून भांडणं!

मुलांना खरंखुरं मत देण्याची कल्पना त्यानंतरची. १९६५ साली क्वेकर कंपनीनं एकाच वेळी दोन सीरियल काढली. एक क्विस्प, त्याच्यावर परग्रहावरून आलेला गुलाबी चिमुकला; दुसरं क्वेक, त्याच्यावर जमिनीखालून वर येणारा धिप्पाड खाणकामगार. दोघांना जे वॉर्ड यांच्या स्टुडिओनं हलतं-बोलतं केलं. जाहिरातींत दोघं एकमेकांशी भांडायचे आणि कोण बरं, ते मुलांनी ठरवायचं. दाण्यांचे आकार वेगळे. चव मात्र जवळपास सारखीच. १९७२ साली मुलांकडून कौल मागवला गेला. क्वेक हरला आणि दुकानांतून गेला. दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी पैसे क्वेकरच्याच गल्ल्यात जाणार होते.

१९७६ हे अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष. तेव्हा जनरल मिल्सनंही आपली निवडणूक घेतली. त्यांच्या ‘ट्रिक्स’ या रंगीबेरंगी सीरियलच्या जाहिरातींत १९५९ पासून एक बिचारा ससा होता. तो वेष पालटून ट्रिक्स मिळवायला येई आणि दर वेळी मुलं त्याला ओळखून वाटी काढून घेत. या सशाला एकदा तरी ट्रिक्स खाऊ द्यायचं का, असा प्रश्न मुलांना विचारला गेला. मत द्यायचं म्हणजे खोक्याचं झाकण कापून पाठवायचं. म्हणजे आधी खोकं विकत घ्यायचं! मुलांनी प्रचंड बहुमतानं होकार दिला आणि सशाला वाटी मिळाली. मुलांच्या मनातली दया खरी होती. तिची मतपत्रिका मात्र दुकानात विकत मिळत होती.

काही उमेदवार देशभर न जाता एखाद्याच भागात अजमावले जात. ‘लकी चार्म्स’चं उदाहरण घ्या. १९६४ साली आलेल्या या सीरियलवर आयरिश लोककथेतला हिरव्या कपड्यांतला बुटका होता, लकी. तो आपला खाऊ घेऊन मुलांपासून पळत असतो. १९७५ साली कंपनीनं न्यू इंग्लंड या ईशान्येकडच्या भागात त्याच्या जागी वाल्डो नावाचा मनमिळाऊ जादूगार बसवून पाहिला. बाकी देशात लकीच होता. वर्ष संपायच्या आत वाल्डो गेला आणि लकी सगळीकडे कायम झाला. यालाच चाचणीची बाजारपेठ म्हणतात. एक शहर किंवा दोन-चार राज्यं निवडायची, खरी खोकी छापायची, खऱ्या दुकानांत ठेवायची आणि विक्री मोजत बसायचं. त्या भागातल्या मुलांना आपण परीक्षा देतो आहोत याचा पत्ताही नसायचा.

या चाळणीतून किती माल पार होत असेल? १९५० ते १९७२ या काळात अमेरिकेतल्या सहा मोठ्या कंपन्यांनी चाचणीच्या पुढे नेलेली सीरियल ऐंशीहून अधिक होती. चाळणीतच अडकलेली वेगळी. १९७२ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं बड्या सीरियल कंपन्यांवर खटला भरला. त्यात म्हटलं होतं, की इतकी नावं काढून तुम्ही दुकानाची फळी इतकी भरून टाकता, की नव्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही. खटला दहा वर्षं चालला आणि १९८२ साली काढून टाकण्यात आला. पण त्यातला मुद्दा मला आजही पटतो. फळीवर ऐंशी खोकी दिसतात तेव्हा आपल्याला वाटतं, केवढी ही निवड! प्रत्यक्षात मका, गहू, ओट, तांदूळ आणि साखर यांच्यावर घातलेले ते ऐंशी मुखवटे असतात. केलॉगच्या ‘कोको क्रिस्पीज’ या एकाच चॉकलेटी सीरियलवर काही वर्षांच्या अंतरानं माकड, हत्ती आणि गुहेतला आदिमानव असे सगळे बसून गेले. एल्मोची संधी हुकली, तरी हत्तीला दुसरीकडे का होईना, जागा मिळाली. आत मात्र तेच.

मुखवट्याला महत्त्व आलं की कधी कधी आतलं भलत्याच रीतीनं बाहेर येतं. १९७१ साली जनरल मिल्सनं भुताखेतांची सीरियल काढली, त्यांत ‘फ्रँकन बेरी’ हा गुलाबी राक्षस होता. त्यातला रंग मुलांच्या पोटात न पचता तसाच बाहेर पडे. घाबरलेल्या आयांना वाटे, मुलाला रक्त पडतंय. १९७२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात यावर चक्क एक टिपण प्रसिद्ध झालं. सुदैवानं प्रकार निरुपद्रवी निघाला.

साखरेचा प्रश्न मात्र निरुपद्रवी नव्हता. १९७० च्या जुलैमध्ये रॉबर्ट चोट नावाच्या गृहस्थानं अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साठ सीरियलांची पोषणाप्रमाणे लावलेली यादी ठेवली आणि सांगितलं, की यांतल्या चाळिसांत उष्मांकांपलीकडे फारसं काही नाही. कंपन्यांनी जीवनसत्त्वांची फवारणी वाढवली. साखर तशीच राहिली. १९७८ साली फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, जाहिरात म्हणजे काय हेच ज्यांना कळत नाही, अशा लहानग्यांना उद्देशून टेलिव्हिजनवर जाहिरात करणं न्याय्य आहे का? एवढा साधा प्रश्न, पण गदारोळ उठला. सरकार देशाची दाई व्हायला निघालंय, अशी टीका झाली. १९८० साली अमेरिकी संसदेनं कायदा करून त्या कमिशनचेच हात बांधले. त्याच दशकात सीरियलांच्या नावांतून ‘शुगर’ हा शब्द हळूच गळायला लागला. साखर खोक्याच्या दर्शनी बाजूवरून हलली आणि बाजूच्या बारीक अक्षरांत जाऊन बसली.

आपल्या महाराष्ट्राचा या गोष्टीशी थेट संबंध येतो तो १९९० च्या दशकात. केलॉग १९९४ साली भारतात आली आणि रायगड जिल्ह्यात तळोजा इथं तिचा कारखाना सुरू झाला. पण आपल्याकडे दूध तापवून, गरमच घेण्याची सवय. थंड दुधात कुरकुरीत राहणारे फ्लेक्स गरम दुधात पडले की त्यांचा लगदा होई. शिवाय सकाळच्या गरम पोह्या-उपम्यापुढे थंड वाटी कोण घेणार? मग १९९८ मध्ये कंपनीनं ‘मझ्झा’ नावानं आंबा-वेलची, नारळ-केशर आणि गुलाब अशा देशी स्वादांचे प्रकार काढून पाहिले. तेही फार काळ टिकले नाहीत. घराघरांत रुजले ते मुलांना आवडणारे चॉकलेटी चॉकोज. म्हणजे बॅटल क्रीकचा अनुभव तळोज्यातही खरा ठरला. मोठ्यांना पटवता आलं नाही, तर लहानांचं दार ठोठावायचं.

आता इतक्या वर्षांनी वारं थोडं फिरलं आहे. चिली या देशात २०१६ च्या जूनपासून असा कायदा लागू झाला, की साखर प्रमाणाबाहेर असेल तर खोक्यावर काळ्या रंगाची सूचना छापायची आणि मुलांना भुलवणारं चित्र काढून टाकायचं. केलॉगनं विरोध केला, पण तिथल्या खोक्यांवरून टोनी वाघाला उतरावं लागलं. मेक्सिकोनंही २०२१ पासून तोच रस्ता धरला. १९५२ साली निवडून आलेला उमेदवार त्या देशांत एल्मो आणि न्यूट यांच्या रांगेत जाऊन बसला.

आणखी एक गोष्ट घडली. २०२३ साली मूळ केलॉग कंपनीचे दोन भाग झाले आणि अमेरिकेतला सीरियलचा धंदा २०२५ मध्ये फेरेरो या चॉकलेट बनवणाऱ्या इटालियन घराण्यानं विकत घेतला. ज्या फ्लेकचा जन्म पथ्याच्या जेवणासाठी झाला, तो सव्वाशे वर्षांनी मिठायांच्या घरात नांदायला गेला. डॉ. जॉन हार्वे केलॉग यांना हे पाहावं लागलं नाही.

हे सगळं सांगून मला चित्रांवर राग काढायचा नाही. वाघ, ससा, बुटके यांनी मुलांना आनंद दिला, चांगल्या चित्रकारांना आणि गायकांना काम दिलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलांना वारंवार निवडायला सांगितलं गेलं, वाघ की कांगारू, क्विस्प की क्वेक, ससा खाईल की नाही. या सगळ्या मतदानांत साखर हा उमेदवार कधीच उभा नव्हता. ती बिनविरोध निवडून येत होती. तिच्याविरुद्ध बोलू पाहणारे दोघंच, एक डॉक्टरांचा बेचव फ्लेक आणि दुसरा ताकदीच्या गोष्टी करणारा पाऊ. दोघंही आपापल्या काळात मागे सारले गेले.

आता दुकानात नातवंडं एखाद्या खोक्यासाठी पाय आपटू लागली, तर त्यांना रागवू नका. त्यांनी चित्र ओळखलं आहे आणि त्यांना तेवढंच करता येतं. खोकं हातात घ्या, कुशीवर वळवा आणि बाजूच्या बारीक अक्षरांत साखर कितव्या क्रमांकावर आहे ते वाचा. चित्र बघून मत देणाऱ्याच्या शेजारी, वाचता येणारं एक माणूस उभं असायला हवं.